बीपीचा आकडा उतरला तरी अवयव वाचतीलच असे नाही: अल्डोस्टेरॉनविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 44, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, उच्च रक्तदाब सहा वर्षांपासून. टेल्मिसार्टन 80, अम्लोडिपिन 10 आणि क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम अशा तीन गोळ्या रोज चालू असूनही घरच्या यंत्रावर वरचा आकडा 150 ते 160 आणि खालचा 95 ते 100 असाच राहतो. रक्तातील पोटॅशियम 3.1 आले, टूडी इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याचे दिसले आणि लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडले. आपल्या फिजिशियननी अल्डोस्टेरॉन व रेनिन या दोन तपासण्या सांगितल्या आहेत. घरच्यांचे म्हणणे असे की तपासण्यांवर खर्च करण्यापेक्षा चौथी गोळी सुरू करावी, कारण बीपी कसेही उतरले म्हणजे झाले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का, असे आपण विचारता.

मी नाशिकमध्ये फिजिशियन म्हणून काम करतो आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबाचे रुग्ण माझ्याकडे शहरातून तसेच निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांतून नियमित येतात. घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हे मी आधी मान्य करतो. बहुसंख्य रुग्णांत रक्तदाबामागे एकच एक कारण सापडत नाही आणि तेथे आकडा खाली आणणे हाच उपचार असतो. आपल्या बाबतीत खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. आपला रक्तदाब एखादा हार्मोन विनाकारण जास्त स्रवल्यामुळे वाढलेला असेल, तर तो हार्मोन केवळ दाब वाढवून थांबतो, की दाबाखेरीज स्वतंत्रपणेही हृदय आणि मूत्रपिंड बिघडवतो? तो दाबापुरताच असता, तर कोणतीही गोळी चालली असती. तो तसा नाही, आणि म्हणूनच मी आपल्या फिजिशियनच्या बाजूने उत्तर देतो आहे.

प्रथम या हार्मोनचे नेहमीचे काम पाहू. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक लहानशी अॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होते. 1953 साली लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधील सहकाऱ्यांच्या साथीने ते वेगळे काढले. शरीरातील मीठ व पाणी कमी झाले, किंवा मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटला, की मूत्रपिंडातील विशिष्ट पेशी रेनिन सोडतात. यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनापासून रेनिन अँजिओटेन्सिनची पहिली कडी बनवते. मुख्यतः फुफ्फुसांतील एन्झाइम तिचे रूपांतर अँजिओटेन्सिन-2 मध्ये करते आणि हे अँजिओटेन्सिन-2 अॅड्रिनलला अल्डोस्टेरॉन स्रवण्याचा आदेश देते. रक्तात पोटॅशियम वाढले, तरीही अल्डोस्टेरॉन थेट वाढते. मूत्रपिंडाच्या नलिकांच्या शेवटच्या भागात हे अल्डोस्टेरॉन सोडियम परत रक्तात ओढून घेते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम व आम्ल लघवीत सोडते. सोडियमबरोबर पाणी टिकते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब सावरतो. जुलाब, उलट्या, रक्तस्राव किंवा घामाने झालेला मिठाचा ऱ्हास यांतून माणूस वाचतो, त्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा आहे.

दाब पुरेसा वाढला की रेनिन बंद होते आणि त्याच्या मागोमाग अल्डोस्टेरॉनही उतरते. बिघाड होतो तो येथेच. अॅड्रिनलमध्ये एखादी छोटी गाठ असली, किंवा दोन्ही ग्रंथींतील पेशी आपोआप जास्त काम करू लागल्या, तर रेनिन शून्यावर आले तरी अल्डोस्टेरॉन स्रवतच राहते. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तरी पंप बंद होऊ नये, तशी ही अवस्था असते. तिला प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन यांनी 1955 साली तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांची रुग्ण 34 वर्षांची स्त्री होती. स्नायूंची अशक्तता, पेटके, वाढलेला रक्तदाब आणि फार खाली गेलेले पोटॅशियम यांवरून कॉन यांनी अॅड्रिनलमध्ये गाठ असणार असा तर्क केला, शस्त्रक्रियेत ती सापडली आणि काढल्यावर तिचा रक्तदाब व पोटॅशियम सुधारले. हा आजार समजला जातो त्याहून पुष्कळ अधिक आढळतो, असे कॉन पुढेही म्हणत राहिले. पोटॅशियम खाली गेलेल्यांतच तो शोधायचा, या रूढीमुळे तो कित्येक दशके दुर्मीळ मानला गेला. आज आपल्याला माहीत आहे की या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम नॉर्मल असते, आणि तीन गोळ्यांनी न उतरणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांत साधारण पाचांपैकी एकाला तो असतो.

आता अवयवांच्या हानीविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरच्यांची शंका नेमकी येथे आहे. अल्डोस्टेरॉन पेशीतील ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसून काम करते, तो मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहक फक्त मूत्रपिंडाच्या नलिकांत नसतो. हृदयाच्या स्नायूपेशी, रक्तवाहिन्यांचे अस्तर, मूत्रपिंडातील गाळणीच्या पेशी आणि शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी या सर्वांत तो असतो. तेथे तो मीठ ओढत नाही. तेथे त्याच्या चेतनेने सूज आणणारी रसायने वाढतात, रक्तवाहिनीच्या अस्तराची सैल होण्याची क्षमता कमी होते आणि कोलॅजेनचे तंतू साठू लागतात. जखम भरल्यावर राहणाऱ्या वणात जे तंतू असतात, तेच हृदयाच्या स्नायूत जागोजागी पसरतात. असा स्नायू ताठ होतो, नीट सैल होऊन रक्ताने भरत नाही आणि त्यातील विजेची वाट अडखळते. त्यातूनच एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, उद्भवते आणि पुढे लकव्याचा धोका वाढतो.

हे सगळे दाबामुळेच होत नसेल कशावरून, असे कोणीही विचारेल. त्याचे मला सर्वांत पटलेले उत्तर क्रिस्टियन ब्रिला आणि कार्ल वेबर यांनी 1990 च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आहे. काही उंदरांत त्यांनी महाधमनी मूत्रपिंडांच्या खालच्या बाजूस आवळून रक्तदाब वाढवला. त्यांत रेनिन व अल्डोस्टेरॉन वाढले नाही. डावा कप्पा जाड झाला, परंतु तंतू साठले नाहीत. दुसऱ्या गटाला अल्डोस्टेरॉन आणि भरपूर मीठ दिले. त्यांच्यातही दाब वाढला, पण येथे तंतू साठले, आणि तेही दोन्ही कप्प्यांत. उजवा कप्पा फुफ्फुसांकडे रक्त ढकलतो आणि शरीरातील वाढलेल्या दाबाचा भार त्याच्यावर नसतो. ज्याच्यावर दाबाचा भारच नव्हता त्या कप्प्यातही वण पडले, तेव्हा दोष दाबाचा नसून रक्तातून दोन्हीकडे पोहोचणाऱ्या हार्मोनचा होता, हा निष्कर्ष टाळता येत नाही. तेच अल्डोस्टेरॉन कमी मिठाच्या आहारासोबत दिले, तेव्हा तंतू साठले नाहीत.

ही मिठाची अट फार महत्त्वाची आहे. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या जंगलांत राहणारे यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांच्या शरीरात अल्डोस्टेरॉन पुष्कळ असते, आणि तरीही त्यांचा रक्तदाब आयुष्यभर कमी राहतो. म्हणजे नुसते जास्त अल्डोस्टेरॉन हे विष नव्हे. शरीराला गरज असताना वाढलेले अल्डोस्टेरॉन उपकारक असते. शरीरात मीठ मुबलक असताना, म्हणजे ते खाली जायला हवे होते तेव्हा, वर राहिलेले अल्डोस्टेरॉन अवयव खराब करते. आपल्या घरात लोणचे, पापड, ठेचा असतो, संध्याकाळी चिवडा असतो आणि रविवारी मिसळीवर फरसाण असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, पण आपल्यापैकी बहुतेकांचे मीठ त्याहून अधिक असते. त्यामुळे या आजारात मिठाला मी पथ्याची एक ओळ मानत नाही, अर्धा आजारच मानतो.

माणसांतही हेच दिसते. प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम असलेले रुग्ण आणि साध्या उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2018 साली झाले. त्यात लकव्याची शक्यता सुमारे अडीचपट, एट्रियल फिब्रिलेशनची सुमारे साडेतीनपट आणि हृदय निकामी होण्याची सुमारे दुप्पट आढळली. उलट बाजूचा पुरावाही आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या रॅल्स या चाचणीत हृदय गंभीररीत्या निकामी झालेल्या 1,663 रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर स्पायरोनोलॅक्टोन दिले. हे औषध अल्डोस्टेरॉनला ग्राहकावर बसू देत नाही. सुरुवातीचा डोस केवळ 25 मिलिग्रॅम होता, दोन गटांच्या रक्तदाबात लक्षणीय फरक पडला नाही, आणि तरीही मृत्यूंचा धोका 30 टक्क्यांनी घटला. 2020 मध्ये फिनेरेनोन या नव्या औषधाने मधुमेहामुळे बिघडलेल्या मूत्रपिंडांची घसरण मंदावल्याचे दिसले, तेही रक्तदाब जेमतेम दोन-तीन आकड्यांनी उतरलेला असताना. दाब जवळपास तेवढाच राहिला आणि अवयवाला लाभ झाला, तर तो लाभ दाब उतरल्याचा म्हणता येत नाही.

मूत्रपिंडाविषयी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती पुढे आपल्याला घाबरवू शकते. अल्डोस्टेरॉन जास्त असताना मूत्रपिंडाच्या गाळण्यांतील दाब वाढलेला असतो आणि त्या प्रमाणाबाहेर काम करतात. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मोजणाऱ्या तपासणीतील क्रिएटिनिन खोटेच चांगले दिसते, लघवीतील अल्ब्युमिन मात्र खरी परिस्थिती सांगत असते. योग्य उपचार सुरू झाल्यावर हा जादा दाब उतरतो आणि क्रिएटिनिन थोडे वाढते. अनेक रुग्ण येथे औषधाने किडनी खराब केली असे समजून गोळी बंद करतात. प्रत्यक्षात झाकलेली हानी उघड झालेली असते. ही वाढ थोडी असून पुढे स्थिर राहिली, तर ती अपेक्षित मानावी. ती वाढतच गेली, तर अर्थातच डॉक्टरांनी पुनर्विचार केला पाहिजे.

आता आपल्या अहवालांकडे येतो. क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी स्वतःच पोटॅशियम कमी करते, म्हणून 3.1 या एका आकड्यावरून निदान करता येणार नाही. परंतु डोस फक्त 12.5 मिलिग्रॅम आहे आणि सोबत टेल्मिसार्टन पूर्ण मात्रेत आहे, जे पोटॅशियम वाढवण्याच्या दिशेने काम करते. या जोडीवर पोटॅशियम इतके खाली जावे, हे मला संशयास्पद वाटते. त्यात वय 44, तीन गोळ्या, जाड झालेली भिंत आणि अल्ब्युमिन हे सर्व एकत्र आले आहे. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना आणि अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या 2025 च्या सूचना तर पक्क्या उच्च रक्तदाबाच्या सर्वच प्रौढांत ही तपासणी करण्याचा विचार मांडतात. आपण तर त्या यादीत अगदी वरच्या बाजूला बसता.

त्याआधी काही साध्या गोष्टींची खात्री हवी. गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का, शिफ्ट बदलली की वेळ चुकते का, यंत्राचा पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसले जाते का, हे पाहावे. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वारंवार घेतल्या, तर रक्तदाब वाढतो. रात्री मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे असेल, तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करावी. त्याचा आणि वाढलेल्या अल्डोस्टेरॉनचा संबंध वारंवार आढळतो. आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला आवर्जून विचारतो: खोकल्यासाठी किंवा घशासाठी ज्येष्ठमधाचा काढा, चूर्ण किंवा चघळायच्या काड्या चालू आहेत का? आपल्या रक्तातील कॉर्टिसॉलही त्याच मिनरलोकॉर्टिकॉइड ग्राहकावर बसू शकते आणि त्याचे प्रमाण अल्डोस्टेरॉनहून शेकडो पटींनी अधिक असते. मूत्रपिंडातील एक एन्झाइम त्याला तेथेच निष्प्रभ करते, म्हणून एरवी गोंधळ होत नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन या एन्झाइमला रोखते. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते, बीपी वाढते, पोटॅशियम उतरते, आणि तपासणीत मात्र रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात. घशासाठी एखादवेळ घेतलेल्या काडीने असे होत नाही, आठवडेच्या आठवडे रोज घेतल्याने होते. आयुर्वेदिक औषध म्हणून रुग्ण हे सांगत नाहीत आणि आम्ही विचारले नाही तर कारण हाती लागत नाही.

तपासणी कशी करावी, यावर तिचा उपयोग पुष्कळ अवलंबून असतो. पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉन खोटेच कमी येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटॅशियम भरून काढावे. तपासणीपूर्वी मीठ मुद्दाम तोडू नये. नमुना सकाळी, उठून किमान दोन तास हिंडल्याफिरल्यावर आणि मग पाच ते पंधरा मिनिटे बसून द्यावा. दंडाला पट्टा फार वेळ आवळू नये आणि मूठ उघडझाप करू नये, कारण त्याने पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. नाशिकमधून हे नमुने अनेकदा बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातात, म्हणून संकलन केंद्रात एक सूचना स्पष्टपणे द्यावी लागते: पेशी वेगळ्या करेपर्यंत रेनिनचा नमुना बर्फात ठेवू नये. गारठ्यात निष्क्रिय रेनिन सक्रिय होते आणि अहवाल फसवा येतो. बाकी सर्व नमुने थंड ठेवण्याची सवय असल्यामुळे हा घोटाळा सहज होऊ शकतो.

औषधे बंद करायची का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचे उत्तर परिस्थितीनुसार बदलते. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन किंवा अमिलोराइड यांपैकी अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारे एखादे औषध चालू असेल, तर ते शक्य असल्यास चार आठवडे थांबवणे आदर्श असते. बीटा ब्लॉकर रेनिन कमी करतात आणि खोटा संशय निर्माण करू शकतात. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन रेनिन वाढवतात आणि आजार लपवू शकतात. परंतु आपल्या बाबतीत मी पहिली तपासणी आहे त्याच गोळ्यांवर करेन. रेनिन वाढवणारी दोन औषधे चालू असतानाही रेनिन दबलेलेच आले, तर तो पुरावा अधिकच भक्कम होतो. रेनिनची क्रियाशीलता 1 किंवा त्याहून कमी, अल्डोस्टेरॉन दर डेसिलिटरला 10 नॅनोग्रॅमपेक्षा जास्त आणि दोहोंचे गुणोत्तर 20 ते 30 च्या वर, असे काही आले तर पुढे जाणे आवश्यक आहे. रेनिन मोजण्याच्या पद्धती दोन आहेत आणि त्यांची एकके वेगळी आहेत, तेव्हा अहवालातील आकडा इंटरनेटवरच्या तक्त्याशी स्वतः ताडून पाहू नये. रेनिन वर आले, तर निकाल नक्की नाही असे समजून औषधे बदलून पुन्हा तपासता येते. त्या काळात व्हेरापामिल किंवा प्राझोसिन गटातील गोळ्यांवर बीपी सांभाळता येते. आपला दाब पाहता गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नयेत, हे मी जोर देऊन सांगतो.

निकाल संशयास्पद आला, तर काही वेळा सलाइन देऊन किंवा कॅप्टोप्रिलची गोळी देऊन अल्डोस्टेरॉन दबते का हे तपासावे लागते. त्यानंतर अॅड्रिनलचा सीटी स्कॅन होतो. स्कॅनमध्ये दिसलेली गाठच अल्डोस्टेरॉन बनवते असे नाही, आणि खरी दोषी गाठ स्कॅनमध्ये न दिसण्याइतकी बारीक असू शकते. वय 35 च्या आत असून चित्र अगदी स्पष्ट असेल, तर स्कॅनवर निर्णय घेता येतो. आपल्या वयात शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर दोन्ही अॅड्रिनल शिरांतून रक्त घेऊन कोणत्या बाजूने जास्त स्राव होतो हे पाहणे इष्ट असते. उजवी शीर आखूड असून थेट मोठ्या महाशिरेत उघडते, म्हणून तिच्यात नळी घालणे कठीण असते. या कामाचा सराव असलेली केंद्रे थोडी आहेत आणि नाशिकहून बहुतेकांना मुंबई किंवा पुण्याला जावे लागते. स्राव एकाच बाजूने असेल, तर ती ग्रंथी दुर्बिणीतून काढता येते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत शस्त्रक्रियेनंतर हार्मोनचा दोष सुमारे 94 टक्के रुग्णांत पूर्ण बरा झाला, आणि गोळ्यांशिवाय बीपी नॉर्मल राहिले ते सुमारे 37 टक्क्यांत. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी झाल्या. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर सगळ्याच गोळ्या सुटतील अशी हमी कोणी देत असेल, तर ती मानू नये. आजार जितका जुना तितकी रक्तवाहिन्यांतील ताठरता कायमची झालेली असते, हे त्यामागचे कारण.

आता घरच्यांच्या युक्तिवादातील सर्वांत मजबूत भाग. तीन गोळ्यांनंतर चौथी कोणती, हे तपासणाऱ्या 2015 च्या पाथवे-2 या ब्रिटिश चाचणीत स्पायरोनोलॅक्टोन 25 ते 50 मिलिग्रॅम हीच सर्वांत गुणकारी ठरली. मग हीच गोळी थेट सुरू केली, तर तपासणी कशाला? तपासणी उपलब्धच नसेल किंवा परवडत नसेल, तर हा मार्ग मी योग्य मानतो आणि खेड्यांतून येणाऱ्या काही रुग्णांत तोच वापरतो. परंतु जेथे शक्य आहे तेथे आधी तपासणी करावी, याची माझी कारणे अशी आहेत. गोळी सुरू झाल्यावर अहवालाचा अर्थ लावणे अवघड होते आणि चौथ्या गोळीवर बरे वाटणारा रुग्ण पुढे ती थांबवायला राजी होत नाही. एका बाजूची गाठ असेल, तर शस्त्रक्रियेची संधी नकळत हातची जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोस कुठवर न्यायचा, हे निदानावर ठरते. प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझमच्या औषधोपचारावरील रुग्णांचा एक मोठा अमेरिकन अभ्यास 2018 साली आला. बीपी साध्या रक्तदाबाच्या रुग्णांइतकेच असूनही, ज्यांचे रेनिन उपचारानंतर दबलेलेच राहिले त्यांना हृदयविकाराचे धोके अधिक होते. ज्यांचे रेनिन 1 किंवा त्याच्या वर आले, त्यांच्यात हा जादा धोका दिसला नाही. दबलेले रेनिन वर येणे, ही अल्डोस्टेरॉनची पकड सुटल्याची खूण आहे. निदान माहीत नसेल, तर बीपी 130 वर आले की डॉक्टर आणि रुग्ण दोघेही समाधानी होतात, रेनिन कोणी पाहत नाही, आणि आत तंतू साठत राहू शकतात.

टेल्मिसार्टन चालू आहे म्हणजे अल्डोस्टेरॉन आपोआप रोखले गेले, असाही एक समज असतो. प्राथमिक आजारात स्राव अँजिओटेन्सिनच्या आदेशाची वाटच पाहत नाही, त्यामुळे तेथे ही गोळी पुरी पडत नाही. साध्या रक्तदाबातही या गटाच्या औषधांवर सुरुवातीला उतरलेले अल्डोस्टेरॉन काही महिन्यांनी पुष्कळ रुग्णांत पुन्हा पूर्वपदावर येते.

स्पायरोनोलॅक्टोन सुरू करायचे ठरलेच, तर त्याचे धोके मनापासून समजून घ्यावेत. पुरुषांत छाती दुखणे व वाढणे ही तक्रार रॅल्समध्ये साधारण दर दहांत एकाला झाली. ती झाली तर एप्लेरेनोनकडे वळता येते, पण लाजेपोटी गप्प बसून गोळी सोडू नये. स्त्रियांत पाळी अनियमित होऊ शकते आणि गरोदरपणात हे औषध टाळतात. खरा जिवाचा धोका पोटॅशियम वाढण्याचा आहे, विशेषतः टेल्मिसार्टनसोबत आणि मूत्रपिंड अशक्त असताना. रॅल्सचे निष्कर्ष आल्यावर कॅनडातील ओंटारिओ प्रांतात हे औषध सढळपणे लिहिले गेले आणि वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय वाढले, असे 2004 मध्ये नोंदवले गेले. म्हणून मी पोटॅशियम व क्रिएटिनिन पहिल्या आठवड्यात, पुन्हा चौथ्या आठवड्यात आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर तपासतो. दुकानात मिळणारे कमी सोडियमचे मीठ या काळात घरात आणू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. रोज शहाळ्याचे पाणी पिण्याची सवय असेल, तर ती डॉक्टरांना सांगावी. जुलाब-उलट्या झाल्यास किंवा उन्हात पाण्याचा फार ऱ्हास झाल्यास गोळी त्या दिवसापुरती थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवावे. आज आपले पोटॅशियम कमी आहे म्हणून पोटॅशियमच्या गोळ्या किंवा पातळ औषध चालू असेल, तर स्पायरोनोलॅक्टोन सुरू होताच ते कमी किंवा बंद करावे लागते. ते तसेच चालू राहिले, तर दोन आठवड्यांत चित्र उलटे होऊ शकते.

तपासणीत काहीच निघाले नाही तर पैसे वाया गेले असे समजायचे का? मला तसे वाटत नाही. रेनिन चांगले वर आले, तर मूत्रपिंडाच्या धमनीचे अरुंद होणे यासारख्या दुसऱ्या कारणांकडे लक्ष वळवता येते. रेनिन कमी आणि अल्डोस्टेरॉन मध्यम आले, तर मीठ कमी करणे आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड यांचा लाभ होण्याची शक्यता अधिक, असा निर्णय घेता येतो. अल्डोस्टेरॉनचा अतिरेक हा असतो किंवा नसतो असा प्रकार नाही. सौम्य ते तीव्र अशी त्याची सलग श्रेणी आहे, हे अलीकडच्या अभ्यासांनी दाखवले आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर या आठवड्यात पोटॅशियम पुन्हा तपासून घ्यावे आणि ते भरून काढण्याचे औषध आपल्या फिजिशियनकडून सुरू करावे. 3.1 हा आकडा तपासणीच्या तारखेची वाट पाहत बसण्याइतका निर्धोक नाही. छातीत धडधड, ठोके चुकल्यासारखे वाटणे किंवा पायांत अचानक अशक्तता आली, तर वेळ न घालवता ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. पोटॅशियम 4 च्या आसपास आल्यावर त्याच गोळ्यांवर अल्डोस्टेरॉन व रेनिनचा नमुना द्यावा आणि नमुना दिल्याच्या दिवशीचे पोटॅशियमही त्याच रक्तातून मोजून घ्यावे, कारण त्याशिवाय अहवाल वाचता येत नाही. घरच्यांना हे उत्तर दाखवावे. अहवाल आल्यावर तिन्ही आकडे त्यांच्या एककांसह आणि त्या वेळी चालू असलेल्या सर्व औषधांच्या नावांसह येथे लिहिले, तर पुढची पायरी कोणती असू शकते हे मी सांगू शकेन. अंतिम निर्णय मात्र आपल्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.